न सांडलेला चहा

माझ्या बायकोचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटलं की 'टॉक' असा आवाज येतो. लालबागहून दादरला पोचेपर्यंत असे सतरा टॉक झाले, हे तिने एकदा गाडीवरून उतरल्या उतरल्या जाहीर केलं. लग्नाला सव्वीस वर्षं झालेली बाई उगाच मोजत नाही.

गाडी नवीकोरी होती. पन्नाशी उलटल्यावर माझ्या वयाचे शहाणे लोक गुडघ्यांचा पट्टा घेतात. मी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल घेतली, फ्यूल इंजेक्शनवाली. ज्यांनी कधी या भानगडीत डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि हवा एकत्र करायचं काम कार्ब्युरेटर करायचा. तो बिघडला तर दोन स्क्रू, एक स्क्रूड्रायव्हर आणि एक चांगला कान एवढ्यावर भागायचं. नव्या गाड्यांत तेच काम सीटखाली लपलेला एक छोटा कॉम्प्युटर करतो. माझ्या गाडीचा कॉम्प्युटर मोकळ्या रस्त्यावर हुशार होता. पण बसच्या मागे सरपटताना मी थ्रॉटल, म्हणजे हँडलवरचा अ‍ॅक्सिलरेटर, जरासा पिळला की तो आधी विचार करायचा आणि मग एकदम निर्णय घ्यायचा. टॉक.

आता माझ्याकडे गाडी बिघडली की जायचं ठिकाण एकच. परळच्या एका गल्लीत, चाळीच्या जिन्याखाली, दीड मोटरसायकल मावेल एवढं गॅरेज. त्याचे मालक, कारागीर आणि हमाल सगळं काही एकच माणूस, आमचे मिस्त्री. मूळचे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा हातातला पाना तेवढा घेऊन बाहेर पडले आणि गाड्यांकडे वळले. माझ्या आधीच्या तीनही गाड्या त्यांनीच सांभाळल्या.

मिस्त्रींची एक परीक्षा होती. ट्यूनिंग झालं की गाडी स्वतः चालवायचे आणि मालकाला मागे बसवायचे, हातात कटिंग चहाचा काठोकाठ भरलेला ग्लास देऊन. गल्लीतून नाक्यापर्यंत, गर्दीतून, आणि परत. चहा सांडला तर काम अपुरं, ग्लास भरलेला राहिला तर मालकाने तो सगळ्यांच्या देखत प्यायचा आणि निघायचं. मशीन नाही, आकडा नाही. पूर्वी या परीक्षेला गल्ली जमायची. जिन्यावरून बायका ओरडायच्या, "सांडला गो सांडला!"

माझ्या नव्या गाडीवर पहिला चहा थेट मिस्त्रींच्या पाठीवर गेला.

"मेल्या, पाठ भाजलंस माझी!"

"मी नाही मिस्त्री, गाडीने."

त्यांनी थ्रॉटलच्या केबलमधली ढिलाई काढली. आठवड्याने पुन्हा नेली, तेव्हा हवा आत शिरते ती थ्रॉटल बॉडी उघडून लखलखीत पुसली. तिसऱ्यांदा प्लग बदलला. तिन्ही वेळा चहा सांडला. तिसऱ्या वेळी ते स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मग उठून म्हणाले, "ही गाडी बोलणाच नाय रे माझ्याशी."

मी विनोद करायला तोंड उघडलं, पण त्यांचा चेहरा बघून मिटलं.

"आता येतत त्या सगळ्या असल्याच," ते फडक्याने हात पुसत म्हणाले. "गणपतीपर्यंत बघतंय. ही जमली तर र्‍हवतंय. नाय जमली तर शटर खाली आणि मी गावाक."

म्हणजे माझ्या बायकोच्या मानेवर आता एका गॅरेजचं भवितव्य लटकत होतं.

मी काय केलं, तर गुपचूप कॉटन ग्रीनला गेलो. तिथे एका जुन्या गोदामात एक बाई लॅपटॉपवर गाड्या ट्यून करते, असं कुणीतरी सांगितलं होतं. पस्तिशीची असेल. मी गाडीवरून शक्य तेवढा तरुण उतरलो. ती म्हणाली, "या काका."

तिने सीट काढली, एक वायर जोडली आणि स्क्रीनवर रेषा नाचू लागल्या. मग थ्रॉटल बॉडीकडे वाकून बघत तिने विचारलं, "आधी कोणी काम केलंय याच्यावर?"

"का? बिघडवलंय?"

"उलट. केबल परफेक्ट आहे. आतून इतकी साफ बॉडी मी नव्या गाडीतही बघितली नाही. तुमचा मेकॅनिक भारी आहे, काका. पण हा प्रॉब्लेम पान्याने सुटणाराच नाही. थ्रॉटल थोडासा उघडला की कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतोय. एवढ्या पट्ट्यातच. पुढे सगळं ठीक आहे."

ती बदल करायची, मी एक फेरी मारून यायचो, ती पुन्हा रेषा बघायची आणि किंचित बदल करायची. दुपार गेली. शेवटच्या फेरीला मी मुद्दाम एका हातगाडीच्या मागे लागलो. हातगाडीच्या वेगाने, पहिल्या गिअरमध्ये, थ्रॉटल उघड, बंद, उघड. गाडी लोण्यासारखी. मी रस्त्यात आनंदाने ओरडलो. मग आजूबाजूला कोणी ओळखीचं तर नाही ना, म्हणून पाहिलं. घरी जाताना परळ टाळलं.

हे मिस्त्रींना सरळ सांगायला हवं होतं. 'मिस्त्री, एक बाई आहे, लॅपटॉप लावते, तुमच्या कामाची तारीफ करत होती.' बस, एवढंच. चाळीच्या गणपतीतल्या नाटकांत तीस वर्षं लांबलचक भाषणं पाठ करणाऱ्या मला हे एक वाक्य जमलं नाही. त्याऐवजी मला एक प्रवेश सुचला. आणि खरं सांगतो, सुचला तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

रविवारी मी गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेलो, चेहरा पाडून. "शेवटचा एकदा बघा. नाहीतर विकतो."

मिस्त्री वाकले. आणि त्यांना तो स्क्रू दिसला. थ्रॉटल बॉडीच्या कडेला, नखाएवढा, कारखान्यातूनच पिवळा रंग लावून बंद केलेला. रंग लावलेला स्क्रू फिरवायचा नसतो, एवढं मलाही ठाऊक होतं. त्यांनाही असणार. पण चाळीस वर्षं कार्ब्युरेटरवर काढलेल्या माणसाला इंजिनाशी बोलायला स्क्रूच लागतो, आणि या मुक्या गाडीवर त्यांना सापडलेला तो पहिला स्क्रू होता. त्यांनी रंग खरवडला आणि स्क्रू केसभर फिरवला. अगदी केसभर. मी थांबवू शकलो असतो. पण मला वाटलं, एवढ्याने काय होतंय? आणि तसं झालंही नाही काही. तेवढा फरक त्या कॉम्प्युटरने सांभाळून घेतला.

ग्लास भरला गेला. मी मागे बसलो. मिस्त्रींनी नाक्यापर्यंत जाऊन गाडी वळवली, एका टॅक्सीच्या मागे रखडवली आणि परत आणली. चहा ग्लासात निवांत होता. मला फक्त ग्लास दाखवायचा होता. पण समोर गल्ली होती, जिन्यावर बायका होत्या, माझ्याने राहवेल कसं? मी दोन्ही हातांनी ग्लास डोक्यावर धरला आणि ओरडलो, "एक थेंब नाही! मिस्त्री, एक थेंब नाही!"

टाळ्या पडल्या. रीतीप्रमाणे तो चहा मी प्यायचा होता. पण मिस्त्रींनी माझ्या हातून ग्लास घेतला, आत पाहिलं आणि स्वतःच सगळा पिऊन टाकला. मग पाठ फिरवून उगाच पाने लावत राहिले. त्यांचे खांदे हलत होते, ते मी बघितलं नाही असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फळीवर रंगाने नवी ओळ आली. 'फ्यूल इंजेक्शनची कामे केली जातील.'

घरी बायकोने विचारलं, "मिस्त्रींनी गाडीला हात कधी लावला म्हणालात?"

"रविवारी."

"माझी मान बुधवारपासूनच दुखायची थांबली होती."

मी आमटी वाढून घेतली.

"मी काही बोलत नाही," ती म्हणाली. "पण मला मूर्ख समजू नका."

इथपर्यंत थांबलो असतो तर ही एक गोड लबाडी राहिली असती. पण मला गोष्ट सांगायची खोड आहे, आणि ही गोष्ट सांगायला सोन्यासारखी होती. कंपनीच्या इंजेक्शनवर गिरणीतल्या फिटरने केलेली मात! मी ती ऑफिसात सांगितली, सलूनमध्ये सांगितली, देवळाच्या रांगेत अनोळखी माणसाला सांगितली. दर वेळी ती थोडी वाढायची. आधी टॅक्सी होती, तिच्या जागी बस आली. मग चहा वाफाळता झाला. मग कुठूनतरी एक सुटाबुटातला इंजिनिअर आला आणि हात टेकून गेला. शेवटी शेवटी तर कॉटन ग्रीनची ती दुपार माझी मलाच आठवेनाशी झाली.

लालबागच्या बाजारात आमची नेहमीची मासेवाली आहे, कोळीवाड्यातली, माझ्याच वयाची. मी सवयीने मावशी म्हणतो आणि ती दर वेळी म्हणते, "मावशी कोणाला रे? आरशात बघ." ती रोज पहाटे स्कूटरने भाऊच्या धक्क्यावर जाते आणि पायाशी टब ठेवून मासे घेऊन येते. एका सकाळी सुरमई कापता कापता तिने तक्रार केली की स्कूटर सुटताना दचके मारते, टबातलं बर्फाचं पाणी साडीवर येतं.

"इंजेक्शनवाली आहे का?"

"नवीच आहे रं. मला काय ठाऊक आत काय घातलंय."

झालं. मी पिशवी खाली ठेवली आणि प्रयोग लावला. सगळा, इंजिनिअरसकट. शेवटी रिकामा हात ग्लासासारखा वर धरला. तिची सुरी हवेतच राहिली होती. शेजारच्या दोघीही हातचं काम टाकून ऐकत होत्या.

"खरं सांगतोस?"

"मी स्वतः मागे बसलो होतो."

त्याच दुपारी ती मिस्त्रींकडे गेली.

मिस्त्रींनी स्कूटरवर तोच स्क्रू शोधला. का नाही शोधणार? माझ्या गाडीने त्यांना तोच शिकवला होता. या वेळी केसभर पुरला नाही म्हणून अर्धा फेरा दिला. दचके खरंच गेले, कारण आता थ्रॉटल पूर्ण मिटतच नव्हता, गाडी आधीपासूनच जराशी पुढे झुकलेली होती. चहा सांडला नाही. बाई खूश होऊन गेली. स्कूटरला गिअर नसतात, हातात क्लचही नसतो. थ्रॉटल सोडला की इंजिन शांत झालं पाहिजे, तर ती थांबते. ते पूर्ण शांत होईना, आणि इंजिन तापलं की आणखीच वर चढायचं.

चौथ्या दिवशी धक्क्यावरून येताना, पायाशी दोन भरलेले टब असताना, रे रोडच्या वळणावर तिने थ्रॉटल सोडला. स्कूटर पुढे जातच राहिली. ती ब्रेक दाबेपर्यंत समोर उभ्या असलेल्या टेंपोवर गेली. वेग नव्हता, म्हणून मनगटावर निभावलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

बायको तिला बघून आली. पर्स टेबलावर ठेवत म्हणाली, "ती सांगते, मी सोडला गं थ्रॉटल, पण गाडी मला सोडेना. उजवा हात आहे. सुरी धरायचा." मग माझ्यासमोर बसली. "आता सांगणार आहात, की अजून प्रयोग बाकी आहेत?"

मिस्त्रींचं शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत गेलो. ते खोक्यात पाने भरत होते, एकेक पुसून.

"गावाक जातंय," माझ्याकडे न बघता म्हणाले. "माझो कान गेलो. तुझी गाडी सुधारली त्याच स्क्रून, आणि त्याच स्क्रून बाईचो हात मोडलो. माका कळणाच नाय, मी काय ऐकलंय नि काय नाय."

येताना मी सगळं भाषण मनात बसवलं होतं. सुरुवात, मधला थांबा, शेवट. त्यातला एक शब्द आठवला नाही. मी म्हणालो, "तुमचा कान गेला नाही. माझी गाडी तुमच्या स्क्रूने सुधारली नव्हती. मी ती आधीच दुसरीकडून करून आणली होती. कॉटन ग्रीनहून."

त्यांचा पाना पुसणारा हात थांबला.

"त्या रविवारच्या आधी?"

"चार दिवस आधी."

"आणि चहा सांडलो नाय तो?"

"तो सांडणारच नव्हता."

"आणि तू ग्लास डोक्यार घेऊन नाचलंस तो?"

जिन्यावरून कोणीतरी बादली आपटत खाली गेलं. मिस्त्रींनी तो पाना न पुसताच खोक्यात टाकला. मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्यांची मला फार गरज होती.

"गाडी जमूक नाय, ता माका सांगूचा होता," ते म्हणाले. "गल्लीत माझी मान खाली गेली असती. तेवढाच. बाईचो हात र्‍हवलो असतो."

मी मान हलवली.

"तुझी गाडी परत हयसर आणूची नाय."

मी बाहेर पडलो तेव्हा ते फळीवरची नवी ओळ पत्र्याच्या तुकड्याने खरवडत होते.

स्कूटर मी टेंपोत घालून कॉटन ग्रीनला नेली. त्या बाईंनी स्क्रू जागेवर आणला आणि स्क्रीनवरचा आकडा मला दाखवला. "कोणी केलं हे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मी." त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. ऑफिसात बसून मऊ पडलेले हात.

प्लास्टर दीड महिन्याचं होतं. बायकोने बातमी आणली की मिस्त्री गावाला गेलेच नाहीत, रोज पहाटे मासेवालीला स्वतःच्या जुन्या स्कूटरवरून धक्क्यावर नेतात. टब मात्र मागून टॅक्सीने येतात. दुसऱ्या दिवशी पहाटे मीही धक्क्यावर हजर झालो. मिस्त्रींनी मला पाहिलं आणि समुद्राकडे तोंड केलं. मासेवालीने मात्र पाहिलं आणि तोंड सोडलं. तिला सगळं कळलं होतं.

"आला बघा नाटकवाला! एक थेंब नाही म्हणे! ये, हा टब धर, आता पाण्याचे थेंब मोज."

मी टब माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर दोरीने बांधले. रोज. ती मिस्त्रींच्या मागे बसून, गळ्यात हात अडकवलेली, वळून वळून मला सूचना द्यायची. बाजारात तिच्या शेजारणी मला गिऱ्हाइकांसमोर गोष्ट सांगायचा आग्रह करायच्या. "तो इंजिनिअरचा भाग सांग की रं!" घरी मला कपडे दाराबाहेर काढावे लागायचे. हे सगळं मी हसत सोसलं, कारण ते सोसण्यासारखं होतं. मिस्त्रींचं न बोलणं तसं नव्हतं. दीड महिना आम्ही दोघं रोज मासळीच्या एकाच लिलावात उभे राहिलो, एकाच टबाची दोन टोकं उचलली, आणि ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. माझ्यासारख्या माणसाला काय शिक्षा द्यावी, हे त्यांना बरोबर माहीत होतं.

प्लास्टर निघालं. आणखी आठ दिवस तिने हाताचा अंदाज घेतला. मग एका पहाटे स्वतःची स्कूटर घेऊन आली, स्वतःचे टब स्वतः ठेवले, थ्रॉटल दोनदा उघडबंद करून इंजिन शांत होतं ना ते बघितलं आणि म्हणाली, "जा आता दोघं. झोपा जाऊन." आणि निघून गेली.

मी आणि मिस्त्री उरलो. मी उगाच दोरी गुंडाळली. मग गाडी चालू केली आणि त्यांच्या शेजारून निघालो. पाच-सहा हात पुढे गेलो असेन.

"थांब."

मी थांबलो.

"मागच्या चाकाचा बेअरिंग वाजता तुझ्या." ते स्कूटरला किक मारत होते. "मासळीचा खारा पाणी गेलाहा आत."

एवढं बोलून निघून गेले.

मला तेव्हा काहीच ऐकू आलं नव्हतं. आता येतं. बारीक, कुरकुर असं, चाकाबरोबर फिरणारं. बायको रोज म्हणते, कुठेही दाखवा, अर्ध्या तासाचं काम आहे. खरंच आहे. पण कुठेही दाखवायची चूक मी एकदा केली आहे, आणि त्यांच्याकडे न्यायला परवानगी नाही. त्यांनी बेअरिंग वाजतंय एवढंच सांगितलं, घेऊन ये असं म्हणाले नाहीत. म्हणून ऑफिसला जाताना मी परळवरून जातो आणि त्या गल्लीच्या तोंडाशी गाडी अगदी हळू करतो. शटर पूर्ण वर असतं. दारात दोन-तीन जुन्या गाड्या असतात. मिस्त्री पाठमोरे बसलेले असतात, आणि आवाज त्यांच्यापर्यंत नक्की जातो. कारण मी पुढे जाईपर्यंत त्यांचा पाना थांबलेला असतो.